वरून लावलेली नदी की खालून काढलेली? एका कापडी पॅनेलची केस

केस एका भिंतीच्या पॅनेलची आहे. नागपुरातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्याची नवी वेटिंग रूम, रिसेप्शनसमोरची मोकळी भिंत, आणि तिथे लावायला सहा फूट बाय चार फूट कापडाचं काम. विषय क्लायंटनेच दिला होता, नाग नदी. काम घेतलं माझ्या नणंदेने, ती मूळची चित्रकार, गेली काही वर्षं कापडात शिरलीय, आणि शिवणाची बाजू माझ्याकडे कारण बुटीक माझं, मशीन माझ्या, मास्टर पण माझ्याकडचेच. हे सविस्तर लिहितेय कारण थर लावून कटवर्क करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात की कैची कोणती घेऊ, कापू कसं, आणि मला प्रत्येकीला हेच सांगावंसं वाटतं की बाई, कैचीचं नंतर बघू, आधी कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेने चाललाय ते सांग. ह्या कामात ते जेवढं ठळक दिसलं तेवढं ब्लाउजच्या कटवर्कमधे कधीच दिसत नाही.

क्लायंटच्या आर्किटेक्टने जे स्केच पाठवलं त्यात नदी म्हणजे निळ्या सॅटीनची एक लांब पट्टी होती, बेज कापडावर वरून चिकटवून कडेने झिगझॅग. म्हणजे साधं अ‍ॅप्लिक. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे त्याची केवढी मोठी परंपरा आहे, ओडिशातल्या पिपिलीला जगन्नाथाच्या रथयात्रेसाठी चांदवे बनतात ते अ‍ॅप्लिकच, बाडमेरकडचं कटाबचं काम पण तेच, कापडाची घडी घालून नक्षी कापायची, उलगडायची आणि कडा आत दुमडून दुसऱ्या कापडावर बारीक टाक्याने बसवायची. पण ताईचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, मुद्दा वेगळा होता. ती म्हणाली, "वहिनी, नदी शहरावर नाही ठेवलेली, शहर नदीवर ठेवलंय. मग मी नदी वरून काहून लावू?"

हे पटण्यासारखं होतं. नागपूर हे नावच नदीवरून आलंय, आणि आज निम्म्या शहराला ती पुलावरून जाताना नाल्यासारखी दिसते तेवढीच माहीत. सप्टेंबर २०२३ मधे रात्रीतून धो धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि लोकांच्या बेडरूममधे पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांना आठवलं की इथे खाली नदी आहे. तर ताईला तसंच पाहिजे होतं, वरचं शहर कापायचं आणि खालून नदी निघू द्यायची. म्हणजे रिव्हर्स अ‍ॅप्लिक.

रिव्हर्स अ‍ॅप्लिकमधलं जगात सगळ्यात नावाजलेलं काम पनामाच्या गुना जमातीतल्या बायकांचं, मोला. दोनपासून सातपर्यंत कापडं एकावर एक ठेवायची, वरून कापत जायचं, कापलेली कड आत वळवून हाताने इतक्या बारीक टाक्याने शिवायची की टाका दिसत नाही, आणि जिथे जो रंग पाहिजे तिथपर्यंत खोल जायचं. आधी अंगावर रंगवायच्या त्या नक्षी नंतर व्यापारातून कापड मिळायला लागल्यावर ब्लाउजवर आल्या. ताईने मोलासारखा एक तुकडा करून बघितला आणि तो सुंदर झाला, पण आम्हाला दोघींनाही लगेच कळलं की हे आपलं नाही. एकतर कडा दुमडल्या की रेष फारच स्वच्छ येते, रांगोळीच्या छापासारखी, आणि नाग नदी स्वच्छ रेषेची नदी नाहीये. दुसरं म्हणजे सहा फूट लांबीची वाकडीतिकडी नदी, दोन काठ, प्रत्येक थराची कड हाताने वळवायची म्हटली तर दवाखान्याचं उद्घाटन होऊन पहिल्या बॅचची पोरं शाळेत गेली असती.

मग राहिला स्लॅशिंगचा प्रकार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चारपाच कापडं एकावर एक, त्यांच्यावर समांतर टीपा, दोन टीपांमधे साधारण एक ते दीड सेंटीमीटर जागा, मग सगळ्यात खालचं कापड सोडून वरची सगळी त्या दोन टीपांच्या मधोमध चिरायची. कडा मोकळ्याच ठेवायच्या. धुतलं किंवा ब्रशने घासलं की त्या कडा फुलतात आणि खालचे रंग एकेक करून डोकं वर काढतात. युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात सैनिक आणि सरदार लोक बाह्या चिरून आतलं रेशीम बाहेर दाखवायचे, त्याच्यामागची कल्पना हीच. पण ह्या तंत्राची एक अट आहे आणि ती कोणी मोठ्याने सांगत नाही, ते सगळं कापड उरेबवर, म्हणजे पंचेचाळीस अंशात चिरलं तरच छान फुलतं.

कारण सोपं आहे. सुती कापड उभ्या धाग्याच्या दिशेने कापलं तर कडेचे धागे तुमच्या रेषेला समांतर असतात, त्यांना धरून ठेवायला काहीच नसतं, ते अख्खेच्या अख्खे लांब सुटतात आणि लोंबतात. आडव्या धाग्याचंही तेच. पण तिरपं कापलं तर कडेला धाग्यांची छोटी छोटी टोकं येतात, दुसरं टोक टिपेत अडकलेलं असतं, त्यामुळे ती निघत नाहीत, नुसती उभी राहतात. एकाच कापडाचा सॅम्पल दोन्ही दिशांनी चिरून, पाणी शिंपडून कपड्याच्या ब्रशने घासून बघा, दोन वेगळी कापडं वाटतील.

आता नाग नदीचा प्रॉब्लेम समजून घ्या. ती शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणजे आडव्या पॅनेलमधे डावीकडून उजवीकडे. मास्टरांनी नेहमीच्या सवयीने कापड लांबीत उभ्या धाग्यावर लावलं, ब्लाउज-कुर्ते शिवणारा कोणीही तसंच लावेल, आणि त्याचा अर्थ नदीचा मोठा भाग बरोब्बर उभ्या धाग्याला समांतर. अर्ध्या साइजचा सॅम्पल केला तेव्हा तेच दिसलं, जिथे नदी सरळ जाते तिथे काठावरून सुतं सुटून झिपऱ्या लोंबत होत्या आणि जिथे वळते तिथे मात्र मस्त फुललेली. एका नदीला दोन स्वभाव, आणि ते आम्ही नाही, कापडाने ठरवलेले.

मास्टर म्हणाले, "ताई, पूरा कपडा उरेबमे लगा दो, खतम." बोलायला सोपं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून सहा फूट बाय चार फुटाचा अख्खा उरेब तुकडा निघतच नाही, जोड द्यावेच लागतात. आणि समजा निघाला तरी उरेब कापड भिंतीवर टांगलं की स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतं, उरेब कट असलेला घेरदार ड्रेस हँगरवर ठेवला की काही दिवसांत घेर वरखाली होतो ते सगळ्या बायकांनी बघितलंय.

इथे दोन दिवस सगळं अडकलं, आणि मग ताईने नकाशा काढला. साधा, पेन्सिलने, नदीच्या आजूबाजूचे भाग. ती म्हणाली की जोड तर द्यायचेच आहेत न, मग ते आपण लपवून काहून राहिलो, जोड म्हणजेच रस्ते. वरचं शहर एका कापडाचं करायचंच नाही. तुकड्यांचं करायचं, प्रत्येक तुकडा एक वस्ती, मधली शिवण म्हणजे रस्ता. आणि तुकडे वेगळे म्हटल्यावर प्रत्येक तुकड्याचा उभा धागा आपण पाहिजे तसा फिरवू शकतो! म्हणजे त्या तुकड्यातून नदी ज्या कोनात जाते त्याला तो तुकडा पंचेचाळीस अंशात ठेवायचा. नदी वळली की पुढचा तुकडा पण वळवायचा.

ह्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच, बाकी सगळं नंतरचं. एका अडचणीतून (कापड पुरत नाही) दुसरी अडचण (काठ सारखा फुलत नाही) सुटली. आम्ही प्रत्येक पेपर कटिंगवर बाणाने धाग्याची दिशा लिहिली, आणि फक्त एका ठिकाणी मुद्दाम उलटं केलं. महालच्या भागात तुकडा सरळ धाग्यावरच ठेवला. जुनं शहर, दाट वस्ती, तिथे झिपऱ्या लोंबू द्यायच्या असं ताईचं म्हणणं, आणि खरंच त्या एवढ्या पट्ट्यात नदी अशी विस्कटलेली दिसते की लोक जवळ जाऊन बघतात.

कापडाबद्दल. वरच्या वस्त्यांसाठी सासूबाईंच्या पेटीतल्या जुन्या सुती साड्या, राखाडी, मातकट, एक फिकट झालेली भगवी. जुन्या कापडाचा फायदा म्हणजे ते जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं आणि रंग सुटायचा तो सुटून गेलेला असतो. खालचे थर नवीन, ते गांधीबाग-इतवारीकडून आणले, हिरवं रुबिया, गडद निळं पॉपलिन, आणि सगळ्यात खाली बेस म्हणून जाड मांजरपाट. नवीन सगळं आधी गरम पाण्यातून काढलं. हिरव्याचा रंग गेला. दुकानदार म्हणतो मीठ टाका, पक्का होईल, तर तसं होत नाही हो, मिठाने रंगवतानाच कापड रंग जास्त ओढतं, नंतर सुटणारा रंग थांबत नाही. पाणी निवळ होईपर्यंत धुणं आणि मग पांढरा ओला रुमाल घासून बघणं एवढंच आपल्या हातात.

आणि काळा थर. ह्याच्यावरून चांगलंच वाजलं. ताईला पाण्यात काळा पाहिजे होता, कारण पाणी काळं आहे, दुसरं काय कारण असणार. क्लायंटला लहान मुलांच्या दवाखान्यात काळं नको होतं, आणि त्यांचंही चुकत नव्हतं, तापाने फणफणलेलं पोर घेऊन बसलेल्या आईला समोर गटार कशाला दाखवायचं. फोनवर ताई म्हणाली, "डॉक्टर साहेब, निळी नदी बघायची असेल तर कॅलेंडर लावा न." मी फोन काढून घेतला.

तोडगा तंत्रातूनच निघाला. थर कापताना एक पद्धत असते, वरचा थर सगळ्यात जास्त रुंद कापायचा, त्याच्या खालचा थोडा कमी, त्याच्या खालचा अजून कमी, म्हणजे काठाला पायऱ्या पडतात आणि प्रत्येक रंगाची एक पट्टी दिसते. आम्ही काळी मलमल शहराच्या अगदी खाली, हिरव्याच्या वर घातली, आणि तिची पायरी ठेवलीच नाही, शहराच्या कडेबरोबरच कापली. समोरून बघितलं तर काळा रंग दिसत नाही, दिसते फक्त एक बारीक सावली, काठाखाली. पण त्या सावलीने शहर एकदम उचलून आल्यासारखं दिसतं, नदी खोल जाते. क्लायंटला सॅम्पल दाखवला तर ते म्हणाले हे डेप्थ फार छान आलंय, हेच ठेवा. ताईने मान डोलावली आणि काही बोलली नाही, जे तिच्यासाठी फारच विशेष आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर काळा असाच जास्त चांगला बसला, पट्टी म्हणून दिसला असता तर तो फक्त एक रंग झाला असता.

कापण्याचं काम मास्टरांनी आणि ताईने मिळून केलं. नदीच्या दोन्ही काठांवर आधी टीप, टाका बारीक, दोन मिलिमीटरच्या आसपास, कारण मोकळ्या कडेला तीच टीप सांभाळणार असते आणि टाका मोठा असेल तर मधून धागे निसटतात. कापायची रेष टिपेपासून साधारण पाच मिलिमीटर आत. भीती एकच असते, बेस कापला जाण्याची. वरचे चार थर चिमटीत उचलले तरी पाचवा कधी सोबत येतो ते बोटांना समजत नाही. ह्यावर मास्टरांनी केलेला जुगाड मला लिहूनच ठेवायचाय: जुना एक्स-रे. त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, टोक गोल केलं, आणि नदीच्या सुरुवातीला एक छोटी चीर देऊन ती पट्टी बेस आणि निळ्याच्या मधे सरकवली. मग वरून कैची. कैचीचं खालचं पातं त्या फिल्मवरून घसरत जातं, सर्रर्र आवाज येतो, आणि आवाज बदलला की समजायचं पट्टी संपली, पुढे सरकवा. पुठ्ठा वापरून बघितला होता पण तो वळणावर मुडपतो, एक्स-रे वळतो आणि परत सरळ होतो. कोणाच्या तरी छातीच्या फासळ्या नाग नदीखालून फिरत होत्या आणि काम दवाखान्याचं, ह्याच्यावर आम्ही खूप हसलो.

अंबाझरी तलाव वेगळा केला. तिथे पाणी पसरट, चमक पाहिजे, म्हणून पॉलिस्टर ऑर्गंझाचे दोन थर, एक निळा एक चांदीसारखा, आणि त्यातल्या लाटा कैचीने नाही तर सोल्डरिंग गनने कापल्या. पॉलिस्टर गरम टोकाने वितळतं आणि वितळतानाच कड बंद होते, धागा सुटायचा प्रश्नच नाही. खाली सुती कापड असेल तर आणखी बरं, सुती वितळत नाही, त्यामुळे वरचा थर कापला जातो आणि खालचा राहतो. मात्र हात थांबला की सुती करपतं, पिवळा डाग पडतो, तो जात नाही, म्हणून हात चालता ठेवायचा. आणि ऑर्गंझा म्हणून दुकानात काय काय मिळतं, त्यामुळे आधी एक धागा जाळून बघा, पॉलिस्टर असेल तर आकसून कडक मणी होतो, रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. हे काम ताईने गच्चीवर केलं, सकाळी सकाळी, मास्क लावून, कारण तो धूर चांगला नसतो आणि मे महिन्यात नागपुरात नऊनंतर गच्चीवर कोणी उभं राहून दाखवावं. खाली आणलं तर कोरड्या हवेत ऑर्गंझा स्टॅटिकने हाताला, टेबलाला, पदराला चिकटायचा, शेवटी कूलरच्या दमट हवेसमोर टेबल ओढलं तेव्हा तो गप बसला.

आता ओघळण्याचं. महाल सोडला तर वरचे तुकडे सगळे उरेब किंवा तिरपे, बेस सरळ धाग्यावर. ह्या दोघांना एकमेकांत पकडून ठेवणं गरजेचं होतं नाहीतर भिंतीवर शहर नदीत घसरलं असतं. मी मशीन क्विल्टिंगच्या बाजूने होते. सासूबाई बघून म्हणाल्या, "एवढं काय मोजून राहिली वं, गोधडीसारखा धावदोरा घाल न." आणि त्यांनीच सुई घेतली. फरक असा की मशीनची टीप कापडाला पुढे ढकलते, उरेब तुकड्यावर तर लगेच लाट येते, आणि हाताचा धावदोरा कापड जिथे आहे तिथेच ठेवतो. वाद फक्त सुरुवात कुठून करायची ह्याचा झाला, त्यांची सवय काठापासून आत जायची, मला मधून बाहेर पाहिजे होतं म्हणजे जास्तीचं कापड बाहेर निघून जाईल, मधे चुणी अडकणार नाही. त्यांनी माझं ऐकलं, पण टाका स्वतःचाच घातला, लांब-आखूड, आणि वस्त्यांवर तो घरांच्या ओळींसारखा इतका बरोबर बसला की ताईने जो वरून भरतकाम करायचा प्लॅन केला होता तो रद्दच केला.

पैशाबद्दल एवढंच. आर्किटेक्टने रेट स्क्वेअर फुटाने मागितला. फॉल्स सीलिंग आहे का हो. आम्ही कापडाचा खर्च वेगळा आणि हाताचं काम तासांवर असा हिशोब दिला, सॅम्पलसकट, आणि त्यांनी थोडं कुरकुरून मान्य केला. ज्या मुली ह्यात नवीन आहेत त्यांनी सॅम्पलचे पैसे आधीच धरावेत, थरांच्या कामात निम्मी मेहनत तिथेच जाते.

लावताना क्लायंटकडून एक वाजवी शंका आली, दवाखाना आहे, धूळ आणि सुतं पडतील का? म्हणून मोकळ्या कडा फक्त नदीत आहेत, बाकी सगळ्या आत वळवलेल्या, आणि बसवण्याआधी पॅनेल टेबलावर आडवं टाकून दोनदा ब्रश केलं, म्हणजे जे सुटायचं ते सुटून गेलं. साफसफाईला व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून हळू ओढायचं असं लिहून दिलं. त्यांना वरून अ‍ॅक्रिलिक शीट पाहिजे होती, ताई अडून बसली की काच लावली तर पायऱ्या दिसणार नाहीत, सपाट फोटो होईल. शेवटी पॅनेल मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीपासून वर लावलं, शीट नाही. मागे वरच्या काठाला कापडाची नळी शिवून त्यात लाकडी पट्टी, म्हणजे वजन सगळीकडे सारखं जातं, खिळ्यांवर नाही.

पावसाळा गेल्यावर ताई बघून आली. खालची कड उजव्या बाजूला, पारडीच्या तुकड्यांजवळ, साधारण बोटभर खाली आलीय, बाकी सरळ आहे. तिथे धावदोरा विरळ पडला होता. दिवाळीच्या सुट्टीत पॅनेल उतरवून तेवढ्या भागात मागून टाके वाढवायचे ठरलंय, आणि तेव्हाच पोरांना कडेवर घेऊन आयांनी बोटं घालू घालू दाबून टाकलेला अंबाझरीजवळचा काठ पाणी शिंपडून परत फुलवायचा, ब्रश ताई नेणार आहे.